आवाजांची इंग्रजी क्रियापदे

श्रोतेहो, नमस्कार. आपली मुले इंग्रजीत गोष्ट लिहू लागली की दार, पाऊस, भांडे या साऱ्यांचा नुसता ‘साउंड’ होतो आणि माणूस रागावलेला असो वा घाबरलेला, तो फक्त ‘सेड’ करतो. ज्यांच्या तोंडी किणकिण, खडखड, सळसळ हे शब्द सहज येतात, त्याच मुलांचे इंग्रजी इतके मुके असावे याचे मला फार वाईट वाटते. आवाजांच्या बाबतीत या दोन भाषा वाटतात तितक्या दूर नाहीत.

भांडी बाजारात पेल्याला पेला लागून जो बारीक आवाज होतो तो ‘क्लिंक’, आणि जड साखळी लोखंडावर आपटते तो ‘क्लँक’. दोहोंत फरक केवळ स्वराचा आहे. ‘इ’ आली की वस्तू लहान आणि हलकी वाटते, तोंड उघडले की ती जड होते. आपल्या किणकिण आणि खणखण या जोडीतही हेच घडते. ‘इ’ या स्वराचा लहानपणाशी असलेला हा संबंध डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1922 मध्ये सविस्तर मांडला होता.

मात्र शब्दाबरोबर त्या समाजाची आठवणही येते, आणि तिथे जपून राहावे लागते. नाशिकला गोदाकाठी 1747 मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराची, म्हणजे आपल्या नारोशंकराची, घंटा सर्वांना ठाऊक आहे. मोठ्या घंटेच्या संथ, एकेक ठोक्यांसाठी इंग्रजीत ‘टोल’ हे क्रियापद आहे; पण चर्चची घंटा अशी वाजे ती बहुधा कुणाच्या मृत्यूची वर्दी देण्यासाठी. त्यामुळे दिवाळीच्या पहाटेचे वर्णन करताना ‘टोल्ड’ लिहिले, तर इंग्रजी वाचकाच्या मनात उगाच शोककळा उतरेल. तिथे साधे ‘रँग’ योग्य, आणि देवघरातल्या घंटीला ‘टिंकल’.

इंग्रजीची खरी करामत मला पुढच्या गोष्टीत दिसते. ‘द बस रॅटल्ड अप द घाट’ या वाक्यात गाडी खडखडली आणि घाट चढलीही, पण क्रियापद एकच आहे आणि ते आवाजाचे आहे. मराठीत आपण ‘बस खडखडत कसारा घाट चढली’ असे म्हणतो. मुख्य क्रियापद चढण्याचे, आवाज त्याच्या सोबतीला. म्हणून मराठीतून विचार करणारा विद्यार्थी आधी ‘वेंट अप’ लिहितो आणि मग आवाज कुठे बसवावा या विचारात अडकतो. त्याने क्रियापदाच्या जागी आवाजच ठेवावा आणि दिशा ‘अप’, ‘डाउन’, ‘पास्ट’ अशा छोट्या शब्दांवर सोपवावी. वाक्य लगेच हलते होते.

बोलण्याच्या तऱ्हांमध्ये ‘व्हिस्पर’, ‘मर्मर’, ‘मंबल’ आणि ‘मटर’ यांची सर्वाधिक गल्लत होते. गळ्यावर बोट ठेवून कुजबुजलात, तर कंप लागत नाही, कारण स्वरतंतू थरथरतच नाहीत, हे ‘व्हिस्पर’. ‘मर्मर’मध्ये आवाज असतो, पण मृदू आणि सलग. ओठ नीट न उघडता बोलल्यामुळे शब्द अस्पष्ट झाले की ‘मंबल’, आणि मनात धुसफुस असताना माणूस स्वतःशीच पुटपुटतो ते ‘मटर’. स्वर लांबवत, रेंगाळत बोलणे म्हणजे ‘ड्रॉल’. ‘स्टॅमर’ म्हणजे तोतरे बोलणे. भीतीने अडखळणाऱ्या पात्रासाठीही तो वापरतात, पण कुणाच्या उच्चारातील अडचणीची थट्टा करण्यासाठी तो कधीही वापरू नये.

एवढे शब्द हाती आल्यावर प्रत्येक संवादामागे नवे क्रियापद जोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. बहुतेक ठिकाणी ‘सेड’च चांगले, कारण वाचक त्यावर न अडखळता पात्राच्या बोलण्याकडे जातो. आणि जिथे ‘व्हिस्पर्ड’ हवेच असेल, तिथे त्याच्या शेजारचे ‘सॉफ्टली’ खोडून टाकावे.