ओएई पास, एबीआर सपाट

नमस्कार श्रोतेहो.

आठ महिन्यांचं बाळ. आईनं पाठीमागून खुळखुळा वाजवला की आज मान वळवतं. उद्या तोच खुळखुळा, तेवढ्याच अंतरावरून, आणि बाळ ढिम्म. आजी म्हणते, "लबाड आहे, मनात असलं तरच बघतो." आईच्या पोटात मात्र कालवतं. ती बाळाला तपासायला नेते आणि पहिली चाचणी चक्क पास!

ही चाचणी ओएई. कानात बोंडाएवढा प्रोब बसवून टिकटिक आवाज सोडतात आणि कॉक्लियातून, म्हणजे आतल्या कानातल्या शंखातून, उलट येणारा बारीकसा आवाज टिपतात. तिथल्या बाहेरच्या केसपेशी, म्हणजे आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या सूक्ष्म पेशी, शाबूत असल्या की तो येतो. पुढे मज्जातंतूनं निरोप पोचवला की नाही, हे या चाचणीला कळतच नाही. ते पाहायला बाळाला झोपवून, डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून एबीआर ही चाचणी करावी लागते; मज्जातंतूचा निरोप तिच्यात रेघेच्या लाटांसारखा दिसतो. काही मुलांची ओएई झकास असते आणि एबीआरची रेघ जवळजवळ सपाट. या दोषाला 1996 मध्ये 'ऑडिटरी न्यूरोपॅथी' हे नाव मिळालं. दिवस भरण्याआधी जन्मलेली, कावीळ फार चढलेली, जन्मताच गुदमरलेली बाळं यात बरीच. अशा बाळाची नुसती ओएई करून घरी जाऊ नका. एबीआर मागून घ्या.

बिघडतं काय? श्रवणाच्या मज्जातंतूत सुमारे 30 हजार धागे. हजार माणसांनी एका ठेक्यात टाळी वाजवली तर ठेका कळतो. जो तो आपापल्या वेळी वाजवू लागला की नुसता पावसासारखा आवाज. या मुलांना तो पाऊस ऐकू येतो, शब्द सुटे होत नाहीत. गोंगाटात तर मुळीच नाही. श्रवणयंत्रानं पाऊस मोठा होतो, ठेका येईलच असं नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट हे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं यंत्र. ते केसपेशींना वळसा घालून मज्जातंतूला थेट विजेचे ठोके देतं. धागे एकदम जागे होतात, ठेका परत येऊ शकतो. ओटोफर्लिन जनुकातल्या दोषात केसपेशीकडून मज्जातंतूकडे निरोपच सुटत नाही, मज्जातंतू मात्र धडधाकट असतो. तिथे इम्प्लांट छान चालतं. मज्जातंतूच बारीक किंवा नसलेला असेल तर फायदा तुटपुंजा. म्हणून आधी एमआरआय.

घाई मात्र नको. सपाट रेघ पाहून मूल किती ऐकतं ते ठरत नाही, आणि कावीळ झालेल्या किंवा लवकर जन्मलेल्या काही बाळांचं ऐकणं पहिल्या वर्ष-दीड वर्षात सुधारतंही. तोवर श्रवणयंत्र लावून पाहायचं, समोर बसून, हावभाव करत बोलायचं, आणि एक वही ठेवायची: कोणत्या आवाजाला वळलं, कोणता नवा शब्द आला. पण 'बघू, बघू' करत दोन-तीन वर्षं घालवणंही महागात पडतं, कारण भाषा शिकायचं वय तेच. महिनोन्‌महिने वहीची पानं कोरी राहत असतील तर शस्त्रक्रियेचं बोलायला हवं.

आणि ती झाली तरी यंत्र त्याच दिवशी चालू होत नाही, साधारण तीन-चार आठवड्यांनी होतं. हाक मारताच मूल हसेल अशी सगळ्यांची आशा असते. पुष्कळ मुलं त्या क्षणी भोकाड पसरतात. घाबरू नका, त्याला काहीतरी पोचलंय. पुढे मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र मुलाला जुळवून घेण्याच्या, फेऱ्या सुरू होतील. पहिल्या फेरीला ती वही बरोबर न्या.

नमस्कार.