४१ शॉट: ॲलन आयव्हरसनचा हिशेब

[दृश्य: स्टेपल्स सेंटर, लॉस एंजेलिस. ६ जून २००१.]

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधले लॉस एंजेलिस लेकर्स त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, ११ सामने खेळले होते आणि अकराही जिंकले होते. फायनलचा पहिला सामना मात्र फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने ओव्हरटाइममध्ये १०७-१०१ असा मारला. फिलाडेल्फियाच्या ॲलन आयव्हरसनचे गुण ४८. मारलेले शॉट ४१, आत गेलेले १८.

या तीन आकड्यांवरून आजही वाद रंगतो. एक बाजू म्हणते, सहा फूट उंचीचा, ७५ किलोचा गडी लेकर्सच्या धिप्पाड शकील ओनीलच्या अंगणात जाऊन ४८ काढतो, आणखी काय हवं? दुसरी म्हणते, ४१ शॉट मारू दिले तर कुणीही काढेल. कुणीही नाही काढणार, पण शंका अगदीच फालतू नाही.

[दृश्य: कागदावर पेनने मांडलेला हिशेब.]

२०००-०१ चा मोसम घेऊ. सामन्यामागे ३१.१ गुण, लीगमध्ये सर्वाधिक. मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयरचा किताबही त्यालाच. शॉट सामन्यामागे २५.५, नेम ४२ टक्के. त्या वर्षी लीगची सरासरी ४४ च्या थोडी वर होती. म्हणजे स्कोअरिंगचा राजा नेमबाजीत सरासरीच्या खाली.

पण हा टक्का अर्धवट आहे. त्यात तीन गुणांचा शॉट आणि दोन गुणांचा शॉट एकाच भावाने मोजला जातो, आणि फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारे एकेका गुणाचे बिनअडथळा शॉट, तर धरलेच जात नाहीत. आयव्हरसनला रोज दहा फ्री थ्रो मिळत. म्हणून दुसरी पद्धत: फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४४ ने गुणा, त्यात शॉट मिळवा, येईल त्याची दुप्पट करा आणि तिने गुणांना भागा. ०.४४ अशासाठी, की फ्री थ्रो बहुधा जोडीने येतात, पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो संघाची वेगळी पाळी (चेंडू ताब्यात घेऊन हल्ला करायची संधी) खर्च करत नाही. आता आकडे घाला. २५.५ अधिक ४.४, म्हणजे साधारण ३०. दुप्पट ६०. ३१.१ भागिले ६०: जेमतेम ५२ टक्के. लीगची सरासरी? तीही जवळपास ५२.

तर माणूस सरासरी दराने गुण काढत होता. फरक इतकाच, की रोज तीस पाळ्यांचं ओझं तो एकटा उचलत होता, आणि सामन्यात एका संघाच्या वाट्याला तेव्हा नव्वदच्या आसपास पाळ्या येत. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळावर, चार सेकंद उरलेत, कुणालाच वाट सापडत नाही, चेंडू आयव्हरसनकडे. तो वाईट शॉट त्याच्या खात्यात पडतो, आधीचे वीस सेकंद वाया घालवणाऱ्या चौघांच्या नाही.

मग हे चौघं असे का निवडले? इथे प्रशिक्षक लॅरी ब्राउन येतात.

[दृश्य: सरावाचं कोर्ट, वरून.]

१९९८-९९ मध्ये ब्राउननी आयव्हरसनला पॉइंट गार्डवरून (चेंडू आणून चाल रचणारा) शूटिंग गार्डच्या (मुख्यतः शॉट मारणारा) जागी हलवलं. चेंडू पुढे आणायची हमाली सिॲटलहून आलेल्या एरिक स्नोकडे. स्नो उंचीने सहा फूट तीन इंच, म्हणून बचावात अदलाबदल करता यायची: समोरच्या संघाचा उंच गार्ड स्नोने धरायचा, बुटका आयव्हरसनने. पासच्या वाटेत झेपावून चेंडू पळवण्यात आयव्हरसन लीगमध्ये पहिला होता, सामन्यामागे अडीच. झेप हुकली की मागे रान मोकळं, म्हणून बास्केटखाली पहारेकरी लागायचाच.

त्याआधी डिसेंबर १९९७ मध्ये जेरी स्टॅकहाउसला डेट्रॉइटला पाठवून बास्केटखालचा पहारेकरी थिओ रॅटलिफ आणि ॲरन मकी घेतले होते. २००० च्या फेब्रुवारीत लॅरी ह्यूजही गेला. दोघेही चेंडू हातात हवा असणारे. संघात बचाव आणि रिबाउंडवर (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यावर) पोट भरणारी माणसं आणली: जॉर्ज लिंच, टायरोन हिल. एका घरात एकच चूल, असा ब्राउनचा हिशेब.

आता एक चाल जवळून पाहू. प्रशिक्षकांच्या वहीत ती आजही ‘आयव्हरसन कट’ या नावानेच असते. दोन उंच खेळाडू फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांना उभे. चेंडू वर मधोमध स्नोकडे. आयव्हरसन एका बाजूने सुटतो, त्या दोघांच्या पुढून, वरच्या अंगाने आडवा धावत पलीकडच्या बाजूला पोचतो. त्याच्यामागचा बचावपटू पहिल्या उंच खेळाडूला खांबासारखा अडतो, सावरेपर्यंत दुसरा येतो. पास हातात पडतो तेव्हा आयव्हरसन धावतच असतो आणि पाठलाग करणारा एक पाऊल मागे.

फसते कुठे? दोन उंच खेळाडू फार जवळ उभे राहिले, तर दोन अडथळ्यांचा एकच होतो. पास जरा उशिरा सुटला, तर मिळालेलं पाऊल गेलं. आणि बचावपटू आडव्या वाटेने न जाता खालून पलीकडे पोचला, तर आयव्हरसनला धाव मोडून मागे वळावं लागतं. त्यात स्नो लांबून फारसा मारत नाही, म्हणून त्याच्यावरचा माणूस खुशाल आत सरकून बसतो.

अशा वेळी आयव्हरसन दोघातिघांना अंगावर घेत आत घुसतो आणि शॉट चुकवतो. पण ज्यांचे पहारेकरी त्याला अडवायला धावले, ते हिल आणि लिंच आता मोकळे असतात. रिबाउंड त्यांना. चुकलेल्या शॉटचाही असा उपयोग होता, तो टक्क्यात दिसत नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत रॅटलिफचं मनगट मोडलं. संघ ४१ विजय, १४ पराभवांवर असताना टोनी कुकोचसह त्याला अटलांटाला देऊन डिकेम्बे मुटोम्बो आणला. ५६ विजयांवर मोसम संपला आणि किताबांची रास पडली: मुटोम्बो सर्वोत्तम बचावपटू, मकी सर्वोत्तम राखीव, ब्राउन सर्वोत्तम प्रशिक्षक.

फायनलमध्ये मात्र पुढचे चारही सामने लेकर्सचे. त्या प्लेऑफमध्ये आयव्हरसनचा नेम ३९ टक्क्यांवर आला होता. रोज तीस शॉट मारणाऱ्याला विसावा द्यायला दुसरा स्कोअररच नव्हता, आणि तो नसणं हाच तर या बांधणीचा पाया. पुढच्या मोसमात ४३ विजय आणि पहिल्याच फेरीत बॉस्टनकडून हार.

[दृश्य: डेन्व्हर, २००७-०८.]

डिसेंबर २००६ मध्ये तो डेन्व्हरला गेला. सोबत दुसरा मोठा स्कोअरर, कार्मेलो अँथनी. ओझं हलकं झालं, नेम जवळपास ४६ टक्क्यांवर चढला, गुण २६.४. टीकाकारांना हवा होता तसा आयव्हरसन. डेन्व्हरने ५० सामने जिंकले आणि पहिल्या फेरीत लेकर्सकडून ४-० ने साफ झाले.

नोव्हेंबर २००८ मध्ये डेन्व्हरने त्याला डेट्रॉइटला देऊन चॉन्सी बिलप्स घेतला. डेन्व्हर ५४ विजयांसह वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम गटाच्या) फायनलला पोचला. डेट्रॉइट ५९ विजयांवरून ३९ वर घसरला. डेट्रॉइटकडे स्क्रीनच्या, म्हणजे अडथळा बनून उभ्या सहकाऱ्याच्या, आडून अखंड धावणारा गार्ड आधीच होता, रिचर्ड हॅमिल्टन. एकाच वाटेवरचे दोघे; आणि त्यांना चेंडू आणून देणारा बिलप्स तर आयव्हरसनच्याच बदल्यात गेलेला.