निफाडची थंडी आणि कोंबड्यांचं शेड

(पहाट. द्राक्षबागेत धुकं, मधूनमधून शेकोट्या.)

निफाड तालुका, डिसेंबरअखेर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा या दिवसांत कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतात. बांधालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा उपाय चालत नाही. तिथे कोंबड्या आहेत.

मोठ्या कोंबडीची तशी काळजी नसते. तिच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास. पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन ती रात्र काढते. घाबरतो तो मालक! चहूबाजूंनी ताडपत्री आवळतो, फटीफटीत पोती कोंबतो. सकाळी दार उघडून आत पाऊल टाकलं, की डोळे चुरचुरतात. हा विष्ठेतला अमोनिया. शिवाय रात्रभराच्या श्वासातली वाफ पत्र्याला लागून थेंबथेंब खाली गळते. कोंबडी घरघरायला लागते ती या कोंडलेल्या ओलीमुळे. गारठ्याला उगाच बोल लागतो.

(पडद्याची दोरी सोडणारे हात.)

म्हणून पडदा खालून पक्का बांधायचा आणि वरून फूटभर मोकळा ठेवायचा. दमट हवा वरच्या वर निघून जाते, वारा कोंबड्यांच्या अंगावर येत नाही. उत्तरेची बाजू आधी झाकायची, कारण बोचरं वारं तिकडून येतं. ऊन चढलं की पडदे खाली सोडून शेड उघडं करायचं.

आता जमिनीकडे बघू. भाताचं तूस उन्हाळ्यात दोन-तीन इंच पसरलेलं असतं, थंडीत ते चार-सहा इंचांपर्यंत वाढवतात. मूठभर तूस घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. भुरभुरून सांडलं तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ते ओलं झालंय. खालीवर करा, भांड्याखालचं तर काढूनच टाका.

(ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या बल्बखाली, पिल्लं.)

पिल्लांचं गणित वेगळं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर असावाच, पण पिल्लंही सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग केला, तर गारठलीत. खालची चेंगरून मरतात. लांब पळून चोच वासून बसली, तर ऊब जास्त झाली. सगळीकडे पसरून टिपत असली, की निर्धास्त व्हावं. कोळशाची शेगडी मात्र बंद शेडमध्ये नकोच. तिचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याचा वास येतो.

अंडी घटली की तोही दोष थंडीवर जातो. खरं तर दिवस लहान झालेला असतो. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड हवा. बल्ब लावायचा तो पहाटे. संध्याकाळी लावून एकदम बंद केला, तर कोंबड्या अंधारात बसायची जागा शोधत धडपडतात.