अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कूलमध्ये वर्गाबाहेर काय चालतं?

सकाळचे सव्वासात वाजलेत. शाळेचं जिम. काल रात्री इथे बास्केटबॉलची मॅच होती, पॉपकॉर्नचे दाणे अजून बाकांखाली पडलेत, आणि साडेआठला इथेच अख्ख्या शाळेची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, आहे. दहा-बारा मुलं कामाला लागलीत. चौघं मिळून लाकडी फ्लोअरवर जाड मॅटचा रोल उलगडतायत, कारण खुर्च्यांचे पाय घासले की कोचचा पारा चढतो, दोघी वेदीवरची चादर ओढून ओढून सरळ करतायत, एक मुलगा माइकसमोर उभा राहून आजचं वाचन पुटपुटतोय आणि एका नावाच्या उच्चारावर पुन्हा पुन्हा अडखळतोय. शिक्षक एकच, तोही कोपऱ्यात कॉफी घेऊन उभा. बाकी सगळं मुलांच्या हातात.

नमस्कार मंडळी. हे दृश्य मी स्वतः पाहिलंय, कारण माझी भाची अशाच एका खासगी कॅथलिक हायस्कूलमध्ये चार वर्षं होती आणि तिला सकाळी सोडायचं काम माझ्याकडे असायचं. इथे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईबाबांचा मला सारखा मेसेज येतो, की मुलगी आठवीत आहे, कॅथलिक हायस्कूलला अ‍ॅक्टिव्हिटीज खूप असतात म्हणे, आपण कॅथलिक नाही, घालावं का. घालावं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण या अ‍ॅक्टिव्हिटीज आल्या कुठून आणि आतून चालतात कशा ते मला नीट सांगायचंय, कारण ब्रोशरमधली यादी वाचून काहीच कळत नाही हो, यादी सगळ्यांचीच सारखी असते.

आधी "खासगी" म्हणजे काय ते बघू. सगळ्याच कॅथलिक शाळा एका मालकाच्या नसतात. काही पॅरिशच्या म्हणजे एखाद्या वस्तीतल्या चर्चच्या, काही थेट धर्मप्रांताच्या म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या, आणि काही जेझुइट, उर्सुलाइन, सालेशियन अशा एखाद्या धर्मसंघाच्या (फादर, ब्रदर किंवा सिस्टर्सच्या संस्थेच्या) नाहीतर स्वतंत्र बोर्डाच्या. खासगी म्हणतात ते बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रकाराला. पण तिथेही बिशपचा शब्द असतोच, चर्चच्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कुठलीही शाळा स्वतःला कॅथलिक म्हणवू शकत नाही. आणि शाळा कुठल्या संघाची आहे हे नक्की विचारा, कारण त्यावर अ‍ॅक्टिव्हिटीजचा रंग ठरतो. जेझुइटांनी १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला शाळा काढली आणि पुढे त्यांच्या शाळांमधली नाटकं युरोपभर गाजली, म्हणून आजही त्यांच्याकडे नाटक आणि वक्तृत्वाला मान असतो. सालेशियनांचे संस्थापक डॉन बॉस्को ट्यूरिनमध्ये रस्त्यावरच्या पोरांना जमवून आधी खेळायला द्यायचे, त्यामुळे त्यांच्याकडे मैदान म्हणजे शाळेचाच एक वर्ग.

आता अमेरिकेत ही एवढी समांतर दुनिया का उभी राहिली? एकोणिसाव्या शतकात इथल्या सरकारी शाळांमध्ये प्रोटेस्टंट पंथाचं बायबल वाचून घ्यायचे आणि आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांना ते मान्य नव्हतं. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात त्यावरून दंगली झाल्या, चर्चेस जाळली. १८८४ मध्ये बाल्टिमोरला सगळे बिशप जमले आणि ठरवलं की प्रत्येक पॅरिशने दोन वर्षांत स्वतःची शाळा काढायची. पुढे ओरेगन राज्याने कायदाच केला की ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं, तेव्हा शाळा चालवणाऱ्या सिस्टर्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टात एकमताने जिंकल्या. आज अमेरिकेत कोणीही आपलं मूल खासगी शाळेत घालू शकतो, आपणसुद्धा, तो हक्क या निकालावर उभा आहे आणि तो मिळवला काही सिस्टर्सनी, मला ही गोष्ट फार आवडते.

तर आपली मुलं आपल्यात राहावीत म्हणून शाळा काढली, मग खेळ, बँड, नाटक, वादविवाद हेही सगळं आपलंच हवं. शिकागोत बिशप शील यांनी १९३० मध्ये कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशन काढली, मंदीच्या काळातल्या रिकाम्या पोरांसाठी बॉक्सिंग आणि बास्केटबॉल. सीवायओ हे नाव आजही लहान मुलांच्या लीगमध्ये ऐकू येतं आणि हायस्कूलच्या टीममधली कितीतरी मुलं तिथूनच तयार होऊन येतात.

आणि हे सगळं चालवायचं कोण, तर सिस्टर्स, ब्रदर्स आणि फादर, जवळजवळ बिनपगारी. १९६० च्या सुमारास शिकवणाऱ्यांपैकी चारांत तीन जण असे धर्मसंघाचे होते. आज शंभरात जेमतेम दोन-तीन. मुलं तेव्हा ५२ लाख आणि शाळा १३ हजारांच्या घरात, आता साधारण १७ लाख मुलं आणि ६ हजारांहून कमी शाळा. म्हणजे फुकट राबणारे हात गेले, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि संध्याकाळी सहापर्यंत थांबून नाटक बसवणारा माणूस आता जो आहे त्याला घरी स्वतःची मुलं आहेत, त्यालाही घरी जायचंय. मग ती पोकळी भरायची कोणी? जिथे शाळा चांगली आहे तिथे मोठ्या मुलांनी भरली. मला वाटतं या शाळांमधली खरी गंमत ही आहे आणि ब्रोशरमध्ये नेमकी हीच दिसत नाही, की बारावीची मुलं नववीच्या मुलांना अक्षरशः सांभाळतात.

सर्व्हिस अवर्सच घ्या. बहुतेक कॅथलिक हायस्कूलमध्ये ठरावीक तास सेवा केल्याशिवाय ग्रॅज्युएट होता येत नाही, फूड पँट्री, वृद्धाश्रम, लहान मुलांची शिकवणी वगैरे. नुसते तास भरणं हा यातला कमकुवत भाग आहे, मी स्पष्ट बोलते, कारण सीनियर इयरच्या मे महिन्यात सह्या गोळा करत धावणारी मुलं मी पाहिलीत. पण चांगल्या ठिकाणी तासांबरोबर लिहायलाही लावतात, की तिथे कोण भेटलं, ती व्यक्ती या परिस्थितीत का आहे. त्या "का" मागे चर्चची जुनी शिकवण आहे, १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांची मजुरी आणि त्यांचे हक्क यावर पत्रक काढलं तिथपासूनची. जेझुइट शाळांमध्ये तर १९७३ हे साल महत्त्वाचं, त्या वर्षी त्यांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये माजी विद्यार्थ्यांसमोर सांगितलं की दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आपल्या शिक्षणाचं काम, आणि समोर बसलेले सगळे खात्यापित्या घरचे, त्यांना ते झोंबलं. आज ते वाक्य शाळेच्या टीशर्टवर असतं.

भाचीच्या घरी दर फेब्रुवारी-मार्चला एक पुठ्ठ्याचा डबा यायचा. चपटा येतो, घडीवर दुमडून आपण उभा करायचा, वर नाणी टाकायला फट. राइस बोल म्हणतात त्याला. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, एक वेळचं साधं जेवायचं आणि वाचलेले पैसे त्यात टाकायचे. १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला सुरू झालं, आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी, आता कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस देशभर चालवते, जमलेल्यातला ७५ टक्के पैसा परदेशातल्या कामाला जातो आणि २५ टक्के आपल्याच धर्मप्रांतात राहतो. आमच्याकडे तो डबा मिठाच्या बरणीशेजारी असायचा आणि माझी बहीण, जिने आयुष्यभर चतुर्थी धरली, ती म्हणाली अगं हे तर कळतंय की मला. भाची नववीत तो डबा घेऊन आली आणि अकरावीत तिच्याच ग्रुपने वर्गावर्गात जाऊन मोजणी केली.

मग रिट्रीट, म्हणजे रोजच्या धावपळीतून बाजूला होऊन प्रार्थना आणि विचार करायचा वेळ. दरवर्षी एक दिवस, आणि अकरावी-बारावीत अनेक शाळांमध्ये कैरोस, तीन-चार दिवसांचं, गावाबाहेर, फोन जमा. मुळं १९४० च्या दशकात स्पेनच्या मायोर्का बेटावर सुरू झालेल्या कुर्सिलो या कॅथलिक शिबिरांच्या चळवळीत सापडतात. आत काय होतं ते मुलं बाहेर सांगत नाहीत, तसा संकेत आहे, त्यामुळे मीही सांगणार नाही, उद्या जाणाऱ्या मुलाची मजा जाईल. एवढंच सांगते की भाषणं मोठे लोक नाही देत, आदल्या बॅचची मुलं देतात, स्वतःच्या आयुष्यावर, आणि सतरा वर्षांचं पोर आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल वर्गमित्रांसमोर बोलतं तेव्हा काय होत असेल ते तुम्हीच बघा. भाची रविवारी रात्री परत आली, बोलली काही नाही, आजीच्या शेजारी जाऊन बसली आणि बराच वेळ बसून राहिली.

खेळांवर फार वेळ नाही घालवत, तुम्हाला माहितीच आहे. कॅलिफोर्नियातल्या दे ला साल हायस्कूलने फुटबॉलच्या सलग १५१ मॅच जिंकल्या होत्या, १९९२ पासून २००४ पर्यंत कोणी हरवू शकलं नाही. आणि वादही तिथेच आहे, खासगी शाळा कुठूनही मुलं घेऊ शकते, सरकारी शाळेला हद्द असते. इलिनॉयने म्हणून अशा शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणून त्यांना मोठ्या गटात खेळवायचं ठरवलं. मला ते रास्त वाटतं.

सगळ्यात वेगळी अ‍ॅक्टिव्हिटी मात्र क्रिस्तो रे शाळांची. १९९६ मध्ये शिकागोच्या पिल्सन भागात, मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत, जेझुइटांना शाळा काढायची होती आणि पालकांकडे फीला पैसे नव्हते. मग असं केलं की चार मुलांनी मिळून एका ऑफिसातली एक पूर्ण वेळची नोकरी वाटून घ्यायची, प्रत्येकाने महिन्यातले पाच दिवस जायचं, आणि कंपनीचे पैसे शाळेच्या खात्यात, त्यातून फीचा मोठा भाग निघतो. चौदा वर्षांची मुलं टाय बांधून लॉ फर्ममध्ये फाइल लावायला जातात. आज अशा चाळीसच्या आसपास शाळा देशभर आहेत.

आणि एक जी मला स्वतःला हलवते. १६ नोव्हेंबर १९८९ ला एल साल्वादोरमध्ये सैनिकांनी विद्यापीठात घुसून सहा जेझुइट, त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी बाई आणि तिची मुलगी अशा आठ जणांना मारलं. त्यातले काही सैनिक अमेरिकेत जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला ट्रेनिंग घेतलेले. १९९७ पासून जेझुइट शाळा-कॉलेजांची मुलं त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या गेटबाहेर जमायला लागली, २०१० पासून तो मेळावा वॉशिंग्टनला भरतो आणि शेवटी मुलं स्थलांतरितांचे वगैरे प्रश्न घेऊन थेट खासदारांच्या ऑफिसात जातात. सोळाव्या वर्षी हे करायला मिळणं, काय बोलावं.

आता दुसरी बाजू, ती लपवून चालणार नाही. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काळी पट्टी बांधून युद्धाचा निषेध करणाऱ्या मुलांना शाळा गप्प करू शकत नाही, पण तो निकाल सरकारी शाळांसाठी. मुलांच्या क्लबांमध्ये शाळेला भेदभाव करू न देणारा १९८४ चा कायदाही तसाच. खासगी कॅथलिक शाळेत कुठला क्लब असेल, शाळेच्या पेपरात काय छापायचं, हे प्रिन्सिपल ठरवतात आणि चर्चची शिकवण शेवटची. तुमचं मूल समलिंगी असेल किंवा त्याच्या मित्रासाठी त्याला क्लब काढायचा असेल, तर नकार मिळू शकतो आणि कोर्टात फारसं काही हाती लागत नाही. अ‍ॅडमिशनच्या आधी हँडबुक मागवून घ्या आणि रात्री बसून पूर्ण वाचा, त्यावर आपण सही करणार असतो.

आणि आपण कॅथलिक नाही त्याचं काय? साधारण पाच मुलांमागे एक मूल कॅथलिक नसतं, त्यामुळे एकटं पडत नाही. मिस्सेला बसावं लागतं, धर्माचा विषय चारही वर्षं असतो, त्याला मार्क असतात. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद, मात्र कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायचं नसतं. बऱ्याच ठिकाणी अशी मुलं रांगेत जातात, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरतात आणि फादर नुसता आशीर्वाद देतात. भाची पहिल्यांदा गेली तेव्हा हात कधी बांधायचे तेच तिला कळेना, पुढच्या मुलीने मागे वळून आपले हात बांधून दाखवले. ती मुलगी बारावीतली होती, नाव माहीत नव्हतं.

म्हणून ओपन हाऊसला जाल तेव्हा क्लब किती आहेत ते विचारू नका. तुम्हाला फिरवणारं मूल असतं ना, त्याला बाजूला घेऊन विचारा, मिस्सेच्या आधी जिममधली मॅट कोण घालतं आणि नंतर गुंडाळतं कोण. भाचीला मी हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, नववीत असताना मला दाखवलं एकीने, आता मी दाखवते.