आतड्यातली राखण

श्रोतेहो, नमस्कार.

जेवायला बसला असाल तर आधीच माफी मागून ठेवते, कारण आजचा विषय थेट शौचालयापर्यंत जाणार आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू नांदतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. ते तिथं फुकट राहतात असं वाटत असेल, तर १९५०च्या दशकातला उंदरांवरचा एक प्रयोग ऐका. निम्मे उंदीर आजारी पाडायला प्रत्येकाच्या पोटात साधारण एक लाख साल्मोनेला जंतू घालावे लागत. मग उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा एकच डोस दिला, आणि त्याच कामाला दहाहून कमी जंतू पुरले! औषधानं आतड्यातली राखणच उठवली होती.

माणसाचंही तेच होतं. प्रतिजैविक घेतलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. सी. डिफिसील नावाचा जिवाणू मात्र बीजाणूच्या, म्हणजे निद्रिस्त रूपाच्या, टणक कवचात दडून बसतो. औषध त्याचं काही बिघडवू शकत नाही. एरवी आतड्यातले काही जिवाणू पित्ताम्लांचं रूप बदलतात, आणि ते बदललेलं पित्त याला वाढू देत नाही. ते जिवाणू मेले, की याला रान मोकळं. मग जुलाब सुरू. त्यावर पुन्हा प्रतिजैविक, पुन्हा जुलाब. काही रुग्ण या फेऱ्यातून महिनोन्‌महिने सुटत नाहीत.

उपाय ऐकून नाक मुरडाल. निरोगी माणसाची विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि नाकातून घातलेल्या नळीनं रुग्णाच्या लहान आतड्यात सोडायची. अमेरिकेतल्या डेन्व्हरचे सर्जन बेन आयझमन यांनी १९५८ साली चार रुग्णांना हीच गोष्ट एनिमातून दिली होती. पण वैद्यकानं ती मनावर घेतली २०१३ साली, नेदरलँड्समधल्या चाचणीनंतर. तिथं १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या १३ पैकी फक्त चार. चाचणी मुदतीआधीच थांबवली, इतका फरक उघड होता.

पण म्हणून हा काही घरी करून बघायचा उद्योग नव्हे, बरं का. २०१९ साली अमेरिकेत अशा विष्ठेतून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय जिवाणू दोन रुग्णांच्या शरीरात गेला आणि त्यातला एक दगावला. दात्याच्या विष्ठेत तो आहे का, हे तपासलंच नव्हतं. आणि असे हट्टी जंतू आतड्यातून हुसकावायला हीच युक्ती चालेल का? त्याचे निकाल अजून उलटसुलट आहेत. मी तरी इतक्यात हुरळून जाणार नाही.

सी. डिफिसीलवरच्या या उपायाची मात्र २०२३ साली अमेरिकेत कॅप्सूल मंजूर झाली. रोज चार, तीन दिवस. ती बनवताना दात्याची विष्ठा अल्कोहोलनं धुतात. त्यात बाकीचे जंतू मरतात आणि चांगल्या जिवाणूंचे बीजाणू तेवढे उरतात. ज्या कवचाच्या जोरावर सी. डिफिसील इतका माजला, तसंच कवच घालून हे राखणदार आता आतड्यात परततात.