काळी कौले, पांढरी भिंत

समोर दिसतो आहे तो शुआन कागद. चीनच्या आन्ह्वेइ प्रांतात झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्या लगद्यापासून तो तयार होतो. काजळी आणि सरस यांची ही शाई त्यात एकदा मुरली की पुसता येत नाही. हात क्षणभर थबकला, तर तेवढ्यात तिथे डाग फुगतो. तैलरंग याच्या उलट वागतो. चुकलेला भाग सुरीने खरवडून त्यावर दुसरा थर चढवण्याची सवड तो देतो. चिनी चित्रकार वू ग्वानझोंग यांनी एकच निसर्ग या दोन्ही माध्यमांतून रंगवला.

१९१९ मध्ये जिआंगसू प्रांतातील यीशिंग येथे जन्मलेले वू हांगझौच्या कला अकादमीत शिकले. तिचे प्रमुख लिन फेंगमियान स्वतः फ्रान्समध्ये शिकून आले होते, तर शाईकाम शिकवायला पान थ्येनशोउ होते. पुढे १९४७ ते १९५० या काळात वू पॅरिसमध्ये राहिले आणि मायदेशी परतले.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना शेतात राबण्यासाठी हबेइ प्रांतातील खेड्यात पाठवण्यात आले. तिथे खत वाहण्याची उंच दांड्याची टोपली हाच त्यांचा इझल, म्हणजे चित्र टेकवायचा स्टँड झाला आणि गावच्या दुकानातला लहान फळा हाच कॅनव्हास. सोबत्यांनी थट्टेने या प्रकाराला ‘शेणपाटी घराणे’ असे नाव दिले. निसर्गासमोर उभे राहून रंगवण्याची रीत पाश्चात्त्य खरी, पण वू एका जागी थांबत नसत. डोंगर एका ठिकाणाहून, झाड दुसऱ्या ठिकाणाहून, घरे तिसऱ्याच ठिकाणाहून पाहत, सामान उचलून हिंडत ते एकच चित्र पुरे करीत. लांब कागदावरचे चिनी गुंडाळीचित्र उलगडताना नजर जशी पुढे सरकत जाते, तशीच ही फिरती नजर आहे. ‘दोन शैलींचा संगम’ एवढेच म्हटले, तर ही सारी पायपीट त्यात हरवून जाते.

सत्तरच्या दशकात ते पुन्हा शाईकडे वळले. १९८१ मधील ‘दोन पाकोळ्या’ हे चित्र आता जवळून पाहू. यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या जिआंगनान प्रदेशातल्या घराची लांबच लांब भिंत दिसते, पण ती रंगवलेलीच नाही. तो कोरा कागद आहे. कौलांची काळी रेघ आणि दारांचे गडद चौकोन एवढ्यावर ती उभी राहते. कोरी जागा राखण्याची ही शिस्त शाईचित्राची, मात्र चौकोनांची मांडणी पाहताना सरळ रेघा आणि चौकोनांतून चित्र रचणारा डच चित्रकार मोंद्रियान आठवल्यावाचून राहत नाही. आणि त्या आडव्या शांततेत, झाडापाशी, शाईचे दोन चिमुकले फटकारे: पाकोळ्या.

१९९२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन भरले; चित्रापासून तोडलेल्या कुंचला-शाईच्या कौशल्याची किंमत शून्य, या त्यांच्या मतावरून चीनमध्ये मोठा वादही झाला. २००८ मध्ये त्यांनी ११३ चित्रे सिंगापूर आर्ट म्युझियमला दिली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.