कन्या समूह नक्की किती दूर?

[दृश्य: कन्या समूहाचा मध्यभाग, एम ८६ ठळक]

कन्या समूह म्हणजे दीर्घिकांचा एक मोठा समूह. त्यातलीच ही लंबवर्तुळाकार दीर्घिका एम ८६. तिच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या टोकाकडे सरकल्या आहेत. सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगानं ती आपल्याकडे येतेय. दीर्घिका जितकी दूर, तितक्या जास्त वेगानं ती लांब जाते, हा हबलचा नियम. तो इथं लावला तर अंतर चक्क ऋण येतं! प्रत्यक्षात ती पाच कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे.

समूहाच्या गुरुत्वाकर्षणात दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं फिरतात आणि तो वेग विश्वाच्या प्रसरणात मिसळतो. म्हणून एकटीदुकटीच्या ताम्रसृतीवर, म्हणजे रेषांच्या लाल टोकाकडे सरकण्यावर, विसंबू नये. जमतील तेवढ्या सदस्यांची सरासरी काढावी. कन्या समूहाची सरासरी येते सेकंदाला हजार-अकराशे किलोमीटर. हबल स्थिरांक, म्हणजे दर मेगापार्सेकला (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना) वाढणारा वेग, सेकंदाला ७० किलोमीटर धरून भागलं, की साधारण १५ मेगापार्सेक, म्हणजे पाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. तरीही हे कमीच, कारण आपली आकाशगंगा ज्यात आहे तो स्थानिक समूहही तिकडेच ओढला जातोय. त्याहून खूप दूरच्या अरुंधती केश समूहात प्रसरणाचाच वेग सात हजारांच्या घरात असल्यानं ही ओढ फारशी जाणवत नाही.

[दृश्य: दीर्घिकेची प्रतिमा मोठी होत दाणेदार दिसू लागते]

जवळच्या समूहांत मात्र अंतरासाठी प्रतिमेतले हे दाणे मोजलेले बरे. पिक्सेलमध्ये मोजकेच तारे असले, तर शेजारच्या पिक्सेलशी उजेडात फरक पडतो. तीच दीर्घिका दुप्पट दूर असती तर पिक्सेलमध्ये चौपट तारे आले असते आणि उजेडाच्या मानानं हा फरक निम्मा झाला असता. मोजण्याआधी गोलाकार तारकागुच्छ, धुळीचे पट्टे, मागच्या दीर्घिका झाकाव्या लागतात. त्या तशाच राहिल्या तर दाणे वाढतात आणि दीर्घिका आहे त्याहून जवळ भासते. ताऱ्यांच्या रंगानुसार दुरुस्तीही हवीच. एवढं सांभाळलं की कन्या समूह येतो सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर.

सर्पिल दीर्घिकांसाठी टली-फिशर संबंध. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर रेषेच्या रुंदीवरून फिरण्याचा वेग, वेगावरून खरी तेजस्विता, आणि ती दिसणाऱ्या उजेडाशी ताडून अंतर. थेट समोरून दिसणाऱ्या चकत्या मात्र वगळाव्या. त्यांच्या फिरण्याचा फारच थोडा भाग आपल्या दिशेनं असतो, त्यामुळे चकती किती कललीय यातली लहानशी चूकही फुगते. एका दीर्घिकेच्या अंतरात २० टक्के चूक धरली, तर २५ दीर्घिकांच्या सरासरीत ती ४ टक्क्यांवर येते.

[दृश्य: समूहाचा त्रिमितीय नकाशा, मागचा पुंजका वेगळ्या रंगात]

पण त्या पंचवीसही समूहातल्याच हव्यात. कन्या समूहाच्याच दिशेला जवळपास दुप्पट अंतरावर दीर्घिकांचा आणखी एक पुंजका आहे. त्यातल्या चार-पाच मिसळल्या, की सरासरी पलीकडे सरकते. दूरच्या समूहात उलट होतं: तेजस्वी तेवढ्याच नजरेत भरतात आणि अंतर कमी निघतं. कितीही दीर्घिका वाढवल्या तरी या दोन्ही चुका सरासरीनं जात नाहीत.